सरळ पायाची पिन

पिनेचा एक पाय आत वळून कागदाला घट्ट बसला होता. दुसरा सरळ होता. सरळ पाय मी पट्टीवर मोजला, सहा मिलिमीटर भरला. वाकलेली तार पुन्हा सरळ केली तर तिच्यावर बारीक सुरकुती राहते. भिंगातून ती दिसते. इथे ती नव्हती. म्हणजे हा पाय वाकून उचकटलेला नव्हता. तो कधी वाकलाच नव्हता.

मी दुसरी नळी घेतली, मग तिसरी. दत्तारामने गोणीत घालून परत पाठवलेल्या अडतीस नळ्या मी पडवीत एका ओळीत मांडल्या आणि एकेक तपासली. प्रत्येकीची वरची पिन ठीक होती. प्रत्येकीच्या खालच्या पिनेचा खालचाच पाय सरळ होता.

चुका अशा नसतात. चुका इकडेतिकडे होतात.

दत्तारामची कट्टा गावाजवळ रोपवाटिका आहे. किनाऱ्यावर लावायला उंडीची रोपं तो तयार करतो आणि त्याला लागणाऱ्या कागदाच्या नळ्या आमचा बचत गट करतो. नळी म्हणजे जाड खाकी कागद गुंडाळून केलेला, वीस सेंटिमीटर उंचीचा, मुठीएवढा पोकळ तुकडा. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी त्यात माती भरायची आणि बी रुजवायचं. कागदाच्या काठावर काठ चढवून जोडाला वर एक आणि खाली एक अशा दोन पिना मारायच्या. साध्या स्टेपलरने हे होत नाही, कारण पिनेचे पाय वळवायला नळीच्या आतून काहीतरी कठीण लागतं. म्हणून आमचं मशीन. एक आडवा लोखंडी दांडा, त्याच्यावर दोन खाचा. नळी दांड्यावर चढवायची, दांड्यावरचं सरकतं डोकं तिच्या काठाला टेकवायचं, पायाने पेडल दाबायचं, डोकं खाली येतं, पिन कागदातून आत जाते आणि पाय खाचेत शिरून वळतात. आकृती माझी. बांधलं होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या गंगारामने. पेडल एका जुन्या स्कूटरच्या ब्रेकचं आहे.

मशीनवर तिघी आळीपाळीने बसत. माझी धाकटी जाऊ उर्वशी, शेजारच्या गोदूबाई आणि सत्यवती. अडतीस नळ्या कोणी केल्या हे शोधायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत. सत्यवती डावरी आहे. ती कागद उलट्या बाजूने गुंडाळते, त्यामुळे तिच्या नळीचा वरचा काठ डावीकडे येतो. उर्वशी आणि गोदूबाईंचा उजवीकडे. अडतीसच्या अडतीस नळ्यांचा काठ डावीकडे होता.

मी कोणाला काही सांगितलं नाही. पडवीत अजून न पाठवलेले गठ्ठे होते. दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी त्यातले चार सोडले. उजव्या काठाच्या नळ्या निर्दोष होत्या. डाव्या काठाच्या एकशे सहा निघाल्या. एकशे सहांचाही खालचा पाय सरळ. दत्तारामने परत पाठवल्या त्या फक्त माती भरताना उकललेल्या होत्या. बाकीच्या त्याच्याकडे, मातीसकट, उभ्या होत्या.

मी गठ्ठे पुन्हा होत्या तशाच गाठी मारून बांधले. हे मी का केलं, याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे होतं. पुरावा हलवायचा नाही.

हा २००७ सालचा एप्रिल. जूनच्या पहिल्या आठवड्यात मला दापोलीला जायचं होतं, दोन वर्षांसाठी, लग्नाआधी अर्धं सोडलेलं संशोधन पुरं करायला. नवरा जहाजावर, त्यामुळे घर बंद राहणार. मशीन कोणाच्या तरी घरी जाणार होतं आणि ज्या घरी ते जाईल त्या घरातली बाई काम चालवणार, कोणी बसायचं ते ठरवणार, दत्तारामला जबाब देणार. उर्वशीला ते हवं होतं आणि ती तसं बोलून दाखवी. सत्यवती बोलून दाखवत नसे. पण वीस वर्षं तिने माशांची पाटी डोक्यावर घेऊन आतल्या गावांत विक्री केली होती आणि गेल्या वर्षी मानेचं दुखणं निघाल्यावर डॉक्टरांनी डोक्यावर ओझं घ्यायला बंदी केली. बसून करायचं असं तिच्याजवळ हे एकच काम होतं. मनातून मी तिचंच नाव धरलं होतं. तरी तीन बैठकांत मी "पुढच्या वेळी सांगते" म्हणून वेळ मारून नेली होती. आता मला वाटलं, बरं झालं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे पाहायला सुरुवात केली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पडवी दिसते. तांदूळ निवडायचं ताट मी मांडीवर घेऊन बसले.

ती कागद गुंडाळायची, नळी दांड्यावर चढवायची, वरची पिन मारायची. मग अंगठ्याने नळी बाहेर ओढायची. बोटाच्या एका पेराहूनही कमी. नळीचा खालचा काठ दांड्याच्या टोकापुढे यायचा आणि त्याला टेकलेलं डोकंही. मग पेडल. पिनेचा एक पाय खाचेत पडायचा, दुसऱ्याखाली दांडाच नसायचा. तो पाय हवेत सरळ उतरायचा.

मी चाळीस नळ्या मोजल्या. चाळीसही वेळा अंगठा हलला. तिचं तोंड नेहमीसारखंच होतं, गोदूबाईंशी ती बांगड्याच्या भावाविषयी बोलत होती.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली. सत्यवतीचा धाकटा भाऊ चंदन मालवणात मोटारसायकली दुरुस्त करतो. तो बहिणीला न्यायला आला आणि ती चपला घालेपर्यंत मशीनपाशी उभा राहिला. खिशातून दोरा काढून त्याने दांड्यावर धरला, टोकापासून खाचेपर्यंत. दोऱ्याला गाठ मारली आणि खिशात टाकला. मी दारात होते ते त्याने पाहिलं नाही.

उर्वशीने पाहिलं होतं.

"वैनी, चंदन दोरो लावून मापां घेय होतो," भांडी घासता घासता ती म्हणाली. "तो काय दांड्याक सदरो शिवतलो?"

"सहज बघत असेल."

"सहज? तेच्या दुकानात वेल्डिंग आसा. हयल्यो नळये खराब करूचे, दत्ताराम चिडलो की थंय स्वताचा मशीन मांडूचा. माका कळता ता तुमका कळाक नाय? तुमी तर सायन्सवाल्या."

मला कळत होतं. किंबहुना माझ्या वहीत तारखेसह ते लिहिलेलं होतं. नळ्या, अंगठा, दोरा. तिन्ही एका रेषेत बसत होते आणि रेषा सरळ आली की मला बरं वाटतं. ही माझी जुनी खोड आहे.

रविवारी दत्ताराम स्वतः आला. पडवीच्या पायरीवर बसून त्याने टोपीने वारा घेतला.

"जान्हवी मॅडम, आणखी साठ उकलल्या. माती भरली की खालून फुटतात. माझ्याकडे कामाला असलेल्या बायका शिव्या देतात."

"कारण शोधते आहे."

"शोधा. मी पुढल्या रविवारी येतो. तोपर्यंत नक्की काय ते कळलं नाही तर मी आपला पिशव्यांकडे गेलो. पिशवी फुटत नाही." हे तो शुद्ध मराठीत बोलला, म्हणजे ठरवून बोलला. उठताना मात्र म्हणाला, "तुमच्यात कोण तरी मुद्दाम करता हा. मी रोपांतलो माणूस, पण इतक्या माकाय समाजता."

गोदूबाई आत ऐकत होत्या. तो गेल्यावर त्या बाहेर आल्या. "मगे काय, गाऱ्हाणां घालूया. सोमवारी देवळात कौल लावूया. जेणी केला आसात तेचा नाव देव सांगतलो."

आमच्याकडे वस्तू हरवली, संशय आला, की देवासमोर गाऱ्हाणं घालतात आणि मूर्तीला लावलेल्या तांदळाच्या कळ्यांतली कुठली आधी पडते ते पाहतात. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. सगळं गाव समोर असतं. कौल कसाही लागो, जिच्या नावाने लावला तिला पुढे कोणी आपल्या मशीनवर बसवत नाही.

सत्यवती पिनांचा खोका उघडत होती. तिचा हात थांबला नाही.

"पुढच्या रविवारी दत्ताराम येऊन जाऊ दे," मी म्हटलं. "मग सोमवारचं बघू."

"वैनीचा सगळा पुढच्याच येळेक," उर्वशी म्हणाली, आणि गोदूबाई हसल्या.

गुरुवारी मी सत्यवतीला एकटीला थांबवून घेतलं. बाकीच्या गेल्या होत्या, ऊन पडवीच्या पायरीवरून उतरलं होतं. मी काल मोजलेली एक नळी तिच्यासमोर ठेवली आणि बोट आत घालून सरळ पाय दाखवला.

"हे तू मुद्दाम करतेस."

मी प्रश्न विचारला नव्हता. ती नाही म्हणेल, रडेल, भावाचं नाव काढेल, अशा तीन शक्यता मी धरल्या होत्या.

"होय," ती म्हणाली.

"किती दिवस?"

"पाडव्यापासना."

"का?"

तिने नळी उचलली, हातात फिरवली, परत ठेवली. "सांगान तुमका पटाचा नाय, बाई. तुमी मोजल्याशिवाय काय मानूक नाय. शनिवारी माझ्यावांगडा तोंडवलीक चला. फावडां मी घेतंय. तुमी पट्टी घेवा."

तिच्या आवाजात टोमणा होता की नाही ते मला कळलं नाही. त्या रात्री वहीत मी लिहिलं: कबूल केलं. कारण सांगत नाही. तोंडवलीला नेते आहे. खाली एक प्रश्नचिन्ह काढलं आणि ते खोडलं, कारण प्रश्नचिन्हाने काही मोजता येत नाही.

शनिवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही गेलो. गाडीत ती खिडकीशी बसली, फावड्याचं पातं गोणपाटात गुंडाळून पायाशी. वाटेत एवढंच म्हणाली, "गेल्या पावसात थंय रोपां लावूक मी मजुरीक होतंय. तुमका ठावक नसतला."

मला ठाऊक नव्हतं. नळ्या दत्तारामकडे गेल्या की माझ्यापुरतं त्यांचं काम संपत असे.

तोंडवलीला सुरूच्या बनामागे, पुळणीच्या वरच्या अंगाला, उंडीची रोपं दोन पट्ट्यांत लावलेली होती. पहिल्या पट्ट्यात ती गुडघ्याच्या वर आली होती, पानं जाड आणि चकचकीत. दुसऱ्या पट्ट्यात बहुतेक काड्या होत्या. काहींना दोन-तीन पिवळी पानं.

"खत वेगळं?" मी विचारलं.

"नाय."

"पाणी?"

"एकाच पावसाचा."

"वारा? हा पट्टा समुद्राच्या जवळ आहे."

"मगे उलटा होवक होया. जगलेला जवळ आसा, मेलेला लांब." ती गोणपाट सोडत होती. "खणूया?"

पहिली खणली ती वाळलेली काडी. वाळूतून नळी जशीच्या तशी वर आली. नऊ महिने जमिनीत राहून कागद शाबूत होता. दोन्ही पिना गंजल्या होत्या, पण त्यांचे चारही पाय वळलेले. मी ब्लेडने जोड कापला. आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांत आवळली होती, सुंभाच्या गुंडीसारखी. बाहेर एकही आलं नव्हतं.

मग जगलेलं एक रोप तिने बाजूने हलक्या हाताने उकरलं. नळीचा जोड खालून अर्ध्यापर्यंत फाकला होता आणि त्या फटीतून बोटाएवढं मूळ वाळूत आडवं गेलं होतं. खालची पिन कागदाला एकाच पायावर लोंबत होती. दुसरा पाय सरळ.

मी वाळूत बसले.

"ही कोणाच्या हातची?" मी विचारलं. "गेल्या वर्षी तू असं करत नव्हतीस."

"कोणाच्याच न्हय. मशीनच्या. सुरवातीक दांडो हलय होतो, याद आसा? पिनो अर्धे बसत. मगे मे म्हयन्यात तुमी गंगारामाक बोलावन दांडो घट्ट करून घेतलास. ह्यो पयलो पट्टो दांडो घट्ट करूच्या आदलो. तो मागसून." तिने काड्यांच्या पट्ट्याकडे हनुवटी केली. "दिवाळयेक मी बघूक इलंय तेवा माका दिसला. मगे शिमग्यात येवन धा-बारा खणलंय. तितक्यान समाजला."

मी तिचं ऐकून घेतलं आणि तरी चोवीस खणली. बारा या पट्ट्यातली, बारा त्या. ती न कंटाळता फावडं चालवत राहिली, मान दुखली की थांबायची. जगलेल्या बारांतल्या अकरांत एक पाय सरळ होता. मेलेल्या किंवा मरत्या बारांत एकाही नळीत नव्हता.

राहिला कागद. तो कुजायला हवा होता, मग पिना कशाही असल्या तरी चाललं असतं. तो का कुजला नाही, हे मला नळी नाकाशी नेताच कळलं. काजूच्या टरफलांचं तेल. होडीच्या लाकडाला कीड आणि पाणी लागू नये म्हणून इथे ते चोपडतात. पहिल्याच महिन्यात गोदूबाई म्हणाल्या होत्या, होडयेक लावतत तसा नळयेकय लावूया, वाळवी लागाची नाय. मला कल्पना आवडली होती. मी रीतसर प्रयोग केला होता: तेल लावलेल्या आणि न लावलेल्या कागदाच्या पट्ट्या चाळीस दिवस ओल्या मातीत पुरल्या, आणि तेलाची पट्टी टिकली म्हणून आनंद झाला. नळी टिकते का, एवढंच मी विचारलं होतं. ती मोडते का, हे विचारायचं मला सुचलं नाही. होडी बुडू नये म्हणून जे करायचं ते आम्ही रोपाला केलं होतं आणि रोपाला तर जमिनीत बुडायचंच होतं.

"मला का नाही सांगितलंस?"

ती फावड्याची वाळू पुसत होती. "पयल्या दिवशी तुमी काय सांगितलास? मशीनवर बसलास की डोक्या घराक ठेवचा. माप म्हणजे माप. मी म्हटलंय, बरां."

ते वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द.

"आणि चंदनचा दोरा?"

तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली. लोखंडी दांडा, आमच्यासारखाच, खाचा त्याच अंतरावर, फक्त टोक खालच्या खाचेच्या मध्यावरच कापलेलं. "पर्तेक नळयेक आंगठ्यान ओढूचा म्हणजे आंगठो दुखता. म्हणान करून घेतलंय. चार दिस पिशयेत आसा. तुमका देवचा धाडस होवक नाय."

आम्ही परत गाडीत बसलो. वही माझ्या मांडीवर होती. त्या तीन नोंदी अजून एका रेषेत होत्या. रेषा तेवढी मी भलतीकडे ओढली होती.

रविवारी सगळे पडवीत जमले. दत्ताराम पायरीवर, गोदूबाई खांबाला टेकून, उर्वशी मशीनजवळ. सत्यवती शेवटी आली आणि दाराशी, चपलांजवळ बसली. गोदूबाईंच्या हातात उद्याच्या गाऱ्हाण्याचा नारळ होता, वाटेत दुकानातूनच घेऊन आल्या होत्या.

"काय कळलां?" दत्तारामने विचारलं.

मी मधे दोन नळ्या ठेवल्या, तोंडवलीच्या. एक आवळलेल्या मुळांची, एक फाटलेली. आणि चोवीस नळ्यांचा हिशेब सांगितला. दत्तारामने आवळलेली मुळं हातात घेतली, दोन बोटांनी उकलायचा प्रयत्न केला, उकलली नाहीत.  गेल्या वर्षी मेलेल्या रोपांबद्दल त्याने कोणाकोणाची बोलणी खाल्ली होती ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"म्हणजे तेल बंद?" गोदूबाईंनी विचारलं. त्यांना ते लागलं होतं.

"तेल नाही लावलं तर माझ्याकडे वाळवी खाते," दत्ताराम म्हणाला. "आणि पिन उघडी ठेवली तर माती भरताना फुटते. मी करू काय?"

"माती ओली करून भरा," मी म्हटलं. "तरी काही फुटतील. शंभरात सात-आठ."

"सात-आठ म्हणजे माझ्या बायकांच्या शिव्या सात-आठ." त्याने मुळांची गुंडी खाली ठेवली. "पण ह्या मेलेल्यांपेक्षा शिव्या बऱ्या."

 उर्वशीने सरळच विचारलं, "म्हणजे सत्यवतीनच केल्यान ना? न विचारता? उद्या आणखी कोण आपल्या मनान काय करतला, तेका पण चलता म्हणतलास?"

प्रश्न वाजवी होता.  सत्यवतीच्या उत्तराची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. उत्तर माझ्याकडे मागितलेलं होतं, तीन बैठकांपासून.

"तिने न विचारता केलं," मी म्हटलं. "कारण विचारायची सोय मी ठेवली नव्हती. दांडा घट्ट केला तो मी. तेलाचा प्रयोग माझा. आणि दहा दिवस तिच्यावर पाळत ठेवून होते, तीही मीच. वहीत सगळं आहे, कोणाला वाचायची असेल तर."

कोणी वही मागितली नाही. गोदूबाईंनी नारळ या हातातून त्या हातात घेतला.

मी उठले, जुना दांडा मशीनमधून सोडवला. त्याचा नट घट्ट होता, दत्तारामने हात लावला. सत्यवतीच्या पिशवीतला दांडा मी मागून घेतला आणि त्याच्या जागी बसवला. एक नळी चढवली, पेडल दाबलं, काढून बोट आत घातलं. एक पाय वळलेला, एक सरळ.

"तर मग, वैनी," उर्वशी म्हणाली, "जूनपासना कोणाकडे?"

बैठकीत मी नेहमी पुस्तकी मराठीत बोलते. त्या दिवशी ते जमलं नाही.

"मशीन सत्यवतीकडे रवतला," मी म्हटलं. "दांडो ह्योच. आणि माप आता ती सांगतली."